३१.७ की ७२.३? सरकारी जनमत चाचणीतला आकडा कसा वाचायचा

मे २०१९ च्या अखेरीस रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांच्यावर जनतेचा विश्वास ३१.७ टक्के होता, आणि ७२.३ टक्केही होता. दोन्ही आकडे एकाच संस्थेचे आणि एका आठवड्याच्या अंतराने छापलेले. त्या आठवड्यात ना युद्ध झालं, ना निवडणूक, ना पेन्शन वाढली. बदलला फक्त प्रश्न.

संस्थेचं नाव व्त्सिओम. रशियातली सगळ्यात जुनी जनमत संस्था, आणि तिचे शंभर टक्के समभाग सरकारकडे. ती तेव्हा दर आठवड्याला लोकांना विचारत असे की राजकारण्यांपैकी महत्त्वाच्या सरकारी निर्णयांसाठी तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल, नावं सांगा. समोर यादी ठेवलेली नसे, ज्याला जी नावं आठवतील ती त्याने सांगायची. २४ मे रोजी या प्रश्नाचा आकडा आला ३१.७, म्हणजे २००६ नंतरचा नीचांक. क्रेमलिनचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव्ह यांनी पत्रकारांसमोरच सांगितलं की हा आकडा बाकीच्या आकड्यांशी कसा जुळतो याचा खुलासा तज्ज्ञांकडून हवा आहे. ३१ मे रोजी व्त्सिओमने नवा प्रश्न पुढे केला: तुमचा पुतिन यांच्यावर विश्वास आहे की नाही? आकडा ७२.३. जुन्या प्रश्नाचा त्या आठवड्याचा आकडाही सोबत होता, तो आणखी घसरून ३०.५ वर आला होता. पण मथळ्यात गेला तो ७२.

यातला खोटा आकडा कोणता? दोन्ही खरे आहेत. सरकारी चाचणीबद्दल सामान्य वाचकाचा समज असा असतो की कुणीतरी कार्यालयात बसून ४० चे ८० करतं. असं करायची गरज क्वचितच पडते. खोट असते ती प्रश्नात, उत्तराच्या पर्यायांत, उत्तर देणाऱ्याच्या मनातल्या धास्तीत आणि कोणता निकाल छापायचा या निवडीत. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्नच अपुरा आहे. हा आकडा नेमकं काय मोजतो, असं विचारलं की बरंच काही उलगडतं.

दोन प्रश्न, दोन वेगळ्या गोष्टी

नाव न देता विचारलेल्या प्रश्नाला आपण खुला प्रश्न म्हणू. त्याचं उत्तर देण्यासाठी नेता आधी आठवावा लागतो आणि मग त्याचं नाव स्वतःहून घ्यावंसं वाटावं लागतं. ज्याला राजकारणात रस नाही किंवा सगळ्याच पुढाऱ्यांचा वीट आला आहे तो कुणाचंच नाव घेत नाही. त्यामुळे खुल्या प्रश्नात तीस-पस्तीस टक्के मिळणं ही तशी मोठी मजल आहे. रशियात त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही नेत्याला त्याच्या जवळपासही आकडा मिळत नव्हता. पण हा प्रश्न उत्साह मोजतो, आणि उत्साह ओसरला की लगेच दाखवतो.

बंदिस्त प्रश्नात नाव आधीच घेतलेलं असतं आणि आपल्याला फक्त होकार किंवा नकार द्यायचा असतो. समोरच्याने चालू अध्यक्षाचं नाव घेऊन विचारलं तर काठावरचा माणूस होकाराकडे झुकतो, कारण त्यात काही जात नाही. असा प्रश्न मान्यता मोजतो, किंवा नुसती निमूट संमती. त्याच महिन्यात व्त्सिओमच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे अध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे का याला, सुमारे ६५ टक्के लोक हो म्हणत होते. माणूस एकच, महिना एकच आणि आकडे तीन: ३१, ६५, ७२. बातमीत यातला कोणताही एक आकडा ‘लोकप्रियता’ या नावाने येऊ शकतो. म्हणून बातमीत प्रश्नाचे मूळ शब्द दिलेले नसतील तर आकडा कितीही दशांशापर्यंत नेलेला असो, त्याचा उपयोग नाही.

व्त्सिओमच्या या प्रकरणात खटकणारी बाब नवा प्रश्न ही नाहीच. बंदिस्त प्रश्न जगभर विचारला जातो आणि तो गैर नाही. प्रश्न कधी बदलला, हे खटकतं. आकडा पडला, प्रवक्त्याने खुलासा मागितला आणि आठवड्याच्या आत नवी मोजपट्टी आली.

संस्था कुणाची, आणि त्याने काय फरक पडतो

व्त्सिओम १९८७ मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या काळात सुरू झाली. पहिल्या संचालक समाजशास्त्रज्ञ तात्याना झास्लाव्स्काया. १९९२ पासून युरी लेवादा प्रमुख होते. २००३ मध्ये सरकारने तिचं रूपांतर सरकारी समभागांच्या कंपनीत केलं आणि संचालक मंडळावर अधिकारी आणून बसवले. लेवादा आणि त्यांचे सहकारी एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी नवी संस्था काढली, तीच आजचं लेवादा सेंटर. सप्टेंबर २०१६ मध्ये संसदेच्या निवडणुकीच्या तोंडावर तिच्यावर ‘परकीय हस्तक’ असा कायदेशीर शिक्का मारला गेला आणि तेव्हापासून तो शिक्का तिला आपल्या प्रकाशनांवर मिरवावा लागतो. तिसरी मोठी जनमत संस्था फोम. ती कागदोपत्री स्वतंत्र आहे, पण क्रेमलिनसाठी नेमाने पाहण्या करते.

आता गंमत बघा. पुतिन यांच्या कामाला पसंती किती, या प्रश्नावर स्वतंत्र लेवादाचे आकडे सरकारी संस्थेपेक्षा फारसे कमी नसतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात, लेवादाचाच आकडा ७१ वरून ८३ वर गेला. सरकारी संस्था आकडे सरसकट फुगवत असती तर दोघींत मोठी तफावत दिसली असती. ती दिसत नाही. मग प्रश्न मालकीपुरता राहत नाही. दोन्ही संस्था ज्या समाजात जाऊन विचारतात, त्या समाजात खरं बोलण्याची किंमत काय आहे याकडे तो वळतो. तिकडे येऊच, पण त्याआधी थोडं गणित.

१६०० माणसं आणि न बोललेले बाकीचे

व्त्सिओम रोज १६०० लोकांना फोन करून विचारते, लेवादा दर महिन्याला सुमारे १६०० लोकांच्या घरी जाऊन. साडेचौदा कोटींच्या देशात १६०० पुरतात का? नमुना, म्हणजे विचारायला निवडलेले लोक, खरोखर यादृच्छिक, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा असेल तर पुरतात. ढोबळ हिशेब असा की नमुन्याचं वर्गमूळ काढायचं आणि एकाला त्याने भागायचं. १६०० चं वर्गमूळ ४०. १ भागिले ४० म्हणजे २.५ टक्के, हीच अधिक-उणे चूक, शंभरातल्या ९५ वेळा लागू पडणारी. व्त्सिओमही आपली चूक २.५ टक्क्यांच्या आत असल्याचं सांगते. लेवादा ३.४ सांगते, कारण घरोघरी जाताना आधी शहरं-गावं निवडावी लागतात आणि एकाच वस्तीतले लोक एकमेकांसारखे असतात. हा जास्तीचा आकडा सांगणं हा प्रामाणिकपणा आहे.

पण हे सूत्र फक्त नमुना निवडण्यातली योगायोगाची चूक मोजतं. ज्यांनी दारच उघडलं नाही किंवा फोन ठेवून दिला, ते या सूत्रात कुठेच नाहीत. समजा शंभर दारं ठोठावली आणि २८ जणांनी उत्तरं दिली (लेवादाचं प्रमाण साधारण याच आसपास असतं). त्यातले ८० टक्के ‘पसंत’ म्हणाले. म्हणजे शंभरातले सुमारे २२ जण प्रत्यक्ष ‘पसंत’ म्हणाले, सहाजण म्हणाले नाहीत आणि ७२ जणांचं काय ते कळलंच नाही. बातमीतले ८० टक्के असं गृहीत धरतात की गप्प राहिलेले ७२ बोलणाऱ्या २८ सारखेच आहेत. फोनवर तर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण रशियात बऱ्याचदा दहा टक्क्यांच्याही आत असतं. तेव्हा १६०० पूर्ण मुलाखतींसाठी सोळा-वीस हजार लोकांशी संपर्क साधावा लागतो.

मात्र यावरून लगेच ‘न बोलणारे सगळे विरोधक’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. फोन न उचलणाऱ्यांत कामावर असलेले, फसव्या कॉलना वैतागलेले आणि राजकारणाशी देणंघेणं नसलेले भरपूर असतात. लेवादाने युद्धाच्या काळात तपासलं तेव्हा उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या तुलनेत कोसळलेलं आढळलं नाही. म्हणून वाचकाने इतकंच करावं: उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण छापलं आहे का पाहावं, आणि छापलं नसेल तर अधिक-उणे अडीच टक्क्यांवर विसंबू नये.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे लागू पडतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीवर पंतप्रधान मोदींच्या अ‍ॅपवर दहा प्रश्न विचारले गेले. एका दिवसात पाच लाखांहून अधिक प्रतिसाद आले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचा पाठिंबा असल्याचं जाहीर झालं. पाच लाख म्हणजे १६०० च्या तीनशेपटीहून जास्त. पण अ‍ॅप उतरवून घेणारे आणि त्यावर जाऊन मत नोंदवणारे आपणहून आलेले होते, त्यांना कुणी निवडलेलं नव्हतं. आपणहून आलेले पाच लाख यादृच्छिक पाचशेंपेक्षाही कमी सांगतात.

समोर पेन कुणाचं आहे

निकाराग्वात १९९० च्या फेब्रुवारीत निवडणूक होती. सत्तेवर सँडिनिस्टा पक्षाचे दानिएल ओर्तेगा, समोर विरोधी आघाडीच्या व्हायोलेटा चामोरो. बहुतेक चाचण्या ओर्तेगा पुढे असल्याचं सांगत होत्या. त्याच सुमारास दोन समाजशास्त्रज्ञांनी, कॅथरीन बिशोपिंग आणि हॉवर्ड शुमन यांनी, एक साधा प्रयोग केला. जवळपास तीनशे लोकांच्या मुलाखती, सगळ्यांना तेच प्रश्न, फक्त मुलाखत घेणाऱ्याच्या हातातलं पेन वेगळं. एका गटात पेन लाल-काळं, सत्ताधारी पक्षाच्या रंगाचं आणि ओर्तेगांच्या प्रचाराचं. दुसऱ्या गटात निळं-पांढरं, विरोधी आघाडीचं. तिसऱ्या गटात साधं पेन.

लाल-काळं पेन हातात असताना ओर्तेगा पुढे. निळं-पांढरं असताना चामोरो पुढे. आणि साधं पेन असताना? पुन्हा ओर्तेगाच पुढे. प्रत्यक्ष मतदानात चामोरो सुमारे ५५ विरुद्ध ४१ टक्क्यांनी जिंकल्या.

या प्रयोगातलं साधं पेन फार महत्त्वाचं आहे. मुलाखतकार तटस्थ असला तरी लोकांनी त्याला सरकारचाच माणूस धरलं. तुम्ही कोण आहात हे तुम्ही ठरवत नाही, उत्तर देणारा ठरवतो. रशियात आज फोन वाजतो, अनोळखी आवाज विचारतो की अध्यक्षांचं काम पसंत आहे का. फोन करणाऱ्याकडे आपला नंबर आहे. ४ मार्च २०२२ रोजी झालेल्या कायद्यानुसार सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. जनमत चाचणीत दिलेल्या उत्तराबद्दल खटला भरला जाईल की नाही याचा विचार करायला माणूस फोनवर थांबत नाही. तो ताकास तूर लागू देत नाही, ‘पसंत आहे’ म्हणतो आणि फोन ठेवतो.

ही भीती मोजता येते का? थोडीफार. त्यासाठी यादीचा प्रयोग नावाची पद्धत आहे. लोकांचे दोन गट यादृच्छिकपणे करायचे. पहिल्या गटाला तीन नेत्यांची नावं द्यायची आणि म्हणायचं, यातले कोण पसंत ते सांगू नका, किती पसंत एवढंच सांगा. दुसऱ्या गटाला तीच तीन नावं आणि चौथं पुतिन यांचं. समजा पहिल्या गटाची सरासरी १.२ आली आणि दुसऱ्याची २.०. फरक ०.८, म्हणजे चौथ्या नावाला ८० टक्के पसंती. कुणा एकाने काय उत्तर दिलं हे मुलाखतकारालाही कळत नाही, त्यामुळे बोलणारा मोकळा होतो.

टिमथी फ्राय आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुरुवातीला रशियात हा प्रयोग केला. एका यादीत स्टालिन, ब्रेझनेव्ह, येल्त्सिन आणि पुतिन अशी नावं होती. थेट विचारल्यावर ८५ टक्क्यांहून जास्त लोक पसंत म्हणाले, यादीच्या पद्धतीने सुमारे ८०. म्हणजे भीतीचा वाटा होता, पण थोडा. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतरची ती लोकप्रियता बऱ्याच अंशी खरी होती. त्याच संशोधकांनी २०२०-२१ मध्ये पुन्हा केलं तेव्हा फरक वीस टक्क्यांच्या आसपास आला. पण इथेच त्यांनी स्वतः सावध केलं: यादी लांबली की लोक मोजताना कमी सांगतात, नाव कितीही निरुपद्रवी असो. त्यामुळे तो सगळा फरक भीतीचाच आहे असं म्हणता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये युद्धाला पाठिंबा किती, यावर आणखी दोन संशोधकांनी ऑनलाइन हीच पद्धत वापरली. थेट विचारल्यावर ६८ टक्के, यादीने ५३.

आमच्या मते यातून घ्यायचं ते असं: धास्तीच्या वातावरणातला आकडा साफ खोटा नसतो, पण तो वरच्या बाजूला कललेला असतो, आणि किती कललेला हे काळानुसार बदलतं. म्हणून २०१५ चे ८५ आणि २०२२ चे ८३ एकाच तराजूत घालू नयेत.

खरं सांगणारी चाचणी बहुधा कपाटात असते

सरकारला खरं जाणून घ्यायचं नसतं हा आणखी एक गैरसमज. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाने १९६४ मध्ये स्वतःची जनमत संस्था काढली होती. तिचे अहवाल मोजक्या वरिष्ठांनाच दिसत. १९७९ मध्ये पक्षप्रमुख होनेकर यांच्या काळात ती बंद झाली. रशियात अध्यक्षांच्या सुरक्षेचं काम पाहणारी संघराज्य संरक्षण सेवाही क्रेमलिनसाठी गुप्त पाहण्या करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेदुझा या वृत्तस्थळाने तिची फुटलेली पाहणी छापली: ५५ टक्के लोक वाटाघाटींच्या बाजूने, युद्ध चालू ठेवा म्हणणारे फक्त २५. लेवादाच्या उघड पाहणीत ऑक्टोबरमध्ये वाटाघाटींच्या बाजूने ५७ टक्के होतेच. म्हणजे गुप्त आणि स्वतंत्र आकडे एकमेकांना दुजोरा देत होते.

आणि कधी कधी सरकारी संस्था उघडपणे नको ते सांगते, जेव्हा वरूनच उत्तर हवं असतं. मे २०१९ मध्येच येकातेरिनबुर्ग शहरात एका बागेत चर्च बांधण्यावरून लोक रस्त्यावर आले होते. पुतिन यांनी लोकांचं मत घ्या असं सुचवलं. व्त्सिओमने पाहणी केली आणि २२ मे रोजी छापलं की ७४ टक्के रहिवाशांना ती जागा चुकीची वाटते. जागा बदलली. तीच संस्था, तीच पद्धत, तोच आठवडा. बागेबद्दल विचारलं तर लोक मोकळेपणी बोलले आणि निकालही छापला गेला. अध्यक्षांचा आकडा पडला तेव्हा प्रश्न बदलला.

मतपेटीची कसोटी

जनमत संस्थेला खरी शिस्त लावते ती निवडणूक. आपल्याकडे जून २०२४ मध्ये बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, आल्या २९३. महाराष्ट्रात पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला महायुती २३० च्या वर गेली, तिथे अनेक अंदाज खूपच खाली होते. चूक कुठल्याही बाजूला झाली तरी ती सगळ्यांना दिसते, कारण मतमोजणी चाचणी घेणाऱ्याच्या हातात नसते.

रशियात मार्च २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पुतिन यांच्या मतांचा व्त्सिओमचा अंदाज होता ८२ टक्के, मतदानाच्या दिवशीचा एक्झिट पोल ८७ आणि अधिकृत निकाल ८७.२८. वरवर पाहता उत्तम जुळणी. पण युद्धविरोधी उमेदवार बोरिस नादेझ्दिन यांचा अर्ज फेब्रुवारीतच फेटाळला गेला होता आणि विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी त्याच महिन्यात तुरुंगात मरण पावले. ज्या मतपत्रिकेवर खरा पर्याय नाही, ती चाचणीची परीक्षा घेऊ शकत नाही. दोन आकडे जुळले एवढंच कळतं. त्याआधी २०२० च्या घटनादुरुस्तीच्या मतदानात तर मतदान चालू असतानाच, २९ जूनला, व्त्सिओमने ७६ टक्के होकार असल्याचा एक्झिट पोल छापला होता. भारतात मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल छापायला कायद्याने बंदी आहे, ती याचसाठी.

मग वाचायचं कसं

पातळीपेक्षा बदल पाहा. आकडा वरच्या बाजूला कललेला असला तरी कल सारखाच राहिला तर चढउतार खरे असतात. जून २०१८ मध्ये निवृत्तीचं वय वाढवण्याची घोषणा झाली आणि लेवादाचा आकडा ऐंशीच्या आसपासून साठीच्या मध्यात आला. तशी घसरण सरकारी आकड्यांतही दिसली. पण बदल वाचताना प्रश्न तोच आहे का आणि पद्धत तीच आहे का, हे तपासा. एप्रिल २०२० मध्ये लेवादाचा ५९ हा आकडा आला तेव्हा साथीमुळे ती घरी जाण्याऐवजी फोनवर विचारत होती, म्हणून तो आधीच्या आकड्यांशेजारी ठेवताना हात राखून ठेवायचा.

सरकारी संस्थेचा आकडा स्वतंत्र संस्थेच्या त्याच महिन्यातल्या आकड्याशेजारी ठेवा. कोणत्या तारखांना विचारलं ते बघा. ‘सांगता येत नाही’ म्हणणारे किती होते तेही बघा, कारण काही बातम्यांत त्यांना वगळून टक्के काढलेले असतात.

आणि नेत्याचं नाव नसलेले प्रश्न शोधा, त्याच प्रश्नावलीत थोडे खाली. २१ सप्टेंबर २०२२ रोजी रशियात अंशतः सैन्यभरती जाहीर झाली. लेवादाची पाहणी २२ ते २८ सप्टेंबरची. पुतिन यांना पसंती ८३ वरून ७७. देश योग्य दिशेने चालला आहे म्हणणारे ६७ वरून ६०. आणि भरतीची घोषणा ऐकून मनात काय आलं, या प्रश्नाला ४७ टक्के लोकांनी सांगितलं: काळजी, भीती, धसका.